बालगंधर्व : वैभवातला संयम

गाणे ऐकणाऱ्यांचे दोन पक्ष फार पूर्वीपासून चालत आले आहेत. एका पक्षाला गळ्याचे सामर्थ्य पाहायचे असते. सूर किती उंच चढतो, दम किती टिकतो, तान किती वेगाने सुटते आणि किती अचूकपणे समेवर येऊन आदळते, यावर त्यांची पसंती ठरते. दुसऱ्या पक्षाला गायकाने काय केले याइतकेच त्याने काय केले नाही याचेही मोल वाटते. शब्द ऐकू यावा, त्याचा अर्थ मनात उतरावा आणि गळ्याचे कर्तृत्व त्या अर्थाच्या आड येऊ नये, अशी त्यांची अपेक्षा असते. दूरचित्रवाणीवरील गाण्यांच्या स्पर्धा पाहताना घरोघरी याच वादाची आवृत्ती निघते. परंतु मराठी माणसाला हा वाद नवा नाही. नाट्यपद हेच जेव्हा आपले लोकप्रिय गाणे होते, तेव्हा नाटकगृहांतून, चौकांतून आणि वर्तमानपत्रांतून तो पिढ्यान् पिढ्या रंगला. त्या वादाच्या केंद्रस्थानी जे नाव होते ते नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व यांचे.

बडोद्याच्या मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात त्यांचे चरित्र सांगण्यास आणखी एक कारण आहे. नारायणरावांच्या आधी ज्यांच्या गळ्याने मराठी रंगभूमीला वेड लावले ते भाऊराव कोल्हटकर मूळचे बडोद्याचे. नारायणरावांना ज्यांनी घडविले त्या भास्करबुवा बखल्यांची तालीम काही काळ बडोद्यात झाली होती. आणि ज्या भूमिकेत नारायणरावांचा संयम कसाला लागला, त्या सिंधूचे पहिले दर्शन रसिकांना घडले तेही याच नगरीत. बडोदेकर वाचकाला म्हणूनच ही कथा परक्या गावची वाटू नये.

भाऊरावांपासूनच प्रारंभ करणे योग्य होईल. त्यांचा जन्म १८६३ चा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यांचा आवाज हेरला आणि त्यांना आपल्या मंडळीत नेले. ‘शाकुंतल’मधील शकुंतला आणि ‘सौभद्र’मधील सुभद्रा या भूमिकांनी भाऊराव प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत झाले. त्यांचा आवाज उंच, पल्लेदार आणि धारदार होता. ध्वनिक्षेपक नावाची वस्तू त्या काळी नव्हती. नाटकगृहे कधी पक्की, तर कधी नुसती मांडवाची. शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकालाही पद ऐकू गेले पाहिजे, ही नटाची पहिली जबाबदारी असे. त्यामुळे उंच पट्टी आणि जोरकस तान यांचा उगम केवळ हौसेत नव्हता. तो गरजेत होता. मात्र गरजेतून आलेली गोष्ट हळूहळू गुणाची कसोटी होऊन बसते. जो अधिक उंच जाईल आणि अधिक वेगाने फिरेल तो अधिक मोठा, असा हिशेब प्रेक्षकांच्या मनात पक्का झाला. १९०१ मध्ये भाऊराव गेले, तेव्हा किर्लोस्कर मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला तो त्याच तोडीचा गळा कोठून आणावा हा.

त्याचे उत्तर चार वर्षांनी मिळाले, परंतु ते अपेक्षेपेक्षा वेगळे होते.

राजहंस हे सांगलीकडील नागठाण्याचे घराणे. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. मुलाचा आवाज उपजतच गोड होता. शाळकरी वयात पुण्यात लोकमान्य टिळकांसमोर गाण्याचा योग आला आणि त्यांनी कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे जळगावला मेहबूबखाँ यांच्याकडे त्याचे गाण्याचे काही शिक्षण झाले. नंतर कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांचे लक्ष या मुलाकडे गेले. त्याच्या कानाला विकार होता आणि ऐकू कमी येत असे. महाराजांनी मिरजेस त्याच्या उपचारांची व्यवस्था केली, आणि किर्लोस्कर मंडळीत त्याचा प्रवेश झाला तोही महाराजांच्याच प्रयत्नाने. १९०५ मध्ये मिरजेस नारायणराव शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर आले.

रूप आणि आवाज या दोन्ही गोष्टी त्यांना निसर्गाने मुक्तहस्ताने दिल्या होत्या. परंतु भाऊरावांचा तो धारदार, टिपेचा गळा हा नव्हता. हा आवाज गोल, मुलायम आणि ओलसर होता. भाऊरावांना ऐकलेल्या प्रेक्षकांच्या मनात तुलना होणे अपरिहार्य होते. अशा वेळी नवख्या नटाने पूर्वसूरींच्या गाण्याची नक्कल करावी, गळा ताणावा आणि टाळी मिळवावी, हा सोपा मार्ग होता. नारायणराव त्या मार्गाने गेले नाहीत याचे मोठे श्रेय भास्करबुवा बखले यांना द्यावे लागेल.

भास्करबुवांचा जन्म १८६९ मध्ये कठोर येथे झाला. लहानपणी त्यांनी स्वतःही किर्लोस्कर मंडळीत काम केले होते. बडोद्यात फैज महंमदखाँ, नंतर आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ अशा तीन थोर उस्तादांची विद्या त्यांनी पचविली होती. ज्याच्याजवळ इतकी विद्या आहे त्याला ती दाखविण्याचा मोह आवरणे कठीण जाते. बुवांची थोरवी अशी की मैफलीत काय गावे आणि रंगभूमीवर काय गावे यातील अंतर त्यांना पूर्णपणे ठाऊक होते. रागाचा विस्तार करण्यास मैफलीत रात्र पुरते. नाटकातील पदाला पात्र असते, प्रसंग असतो आणि समोर संवादासाठी थांबलेला दुसरा नट असतो. बुवांनी शिष्याला ख्यालाची तालीम दिली. परंतु रंगभूमीसाठी त्या तालमीचा अर्कच तेवढा वापरण्याची दृष्टीही दिली. आलाप थोडक्यात करावा, तान लहान आणि शब्दाच्या कलाने घ्यावी, अक्षर तोडू नये आणि लय ढळू देऊ नये, ही नारायणरावांच्या गायकीची पुढे ठरलेली लक्षणे या शिकवणीतून आली.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि नारायणराव भामिनीच्या भूमिकेत होते. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे सोबत्यांना वाटले, परंतु नारायणरावांनी तो होऊ दिला आणि त्या रात्री भामिनी रंगभूमीवर आली. ही हकीकत कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून आपण अनेकदा ऐकली आहे. तिच्याकडे आणखी एका अंगाने पाहता येते. भामिनी ही धनवंताची लाडकी, मानी मुलगी. गरीब धैर्यधराला तुच्छ लेखणारी आणि पुढे वनमालेच्या वेषात त्याच्याच प्रेमात पडणारी. तिच्या पदांत मान, रुसवा आणि प्रेम आहे. अपत्यशोकाला तेथे जागा नाही. ज्याच्या मनात त्या दिवशी दुःखाचा डोंगर आहे त्याने सूर किंचितही सैल सोडला असता तर ते दुःख भामिनीच्या तोंडून वाहू लागले असते. तसे झाले नाही आणि ‘मानापमान’ पहिल्या रात्रीपासून गाजले. स्वतःचे दुःख पात्राच्या सुरात मिसळू न देणे हाही संयमच होता, आणि तो तानांच्या संयमापेक्षा अधिक कठीण होता.

१९१३ मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. सयाजीराव महाराजांचा आश्रय या मंडळीला लाभला. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले आणि भास्करबुवांच्या चालींनी नाट्यसंगीताचे नवे युग सुरू झाले. यमन, बिहाग, भीमपलास असे मैफलीतील भारदस्त राग रुक्मिणीच्या मुखातून थेट सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचले. ज्याने कधी तंबोराही जवळून पाहिला नव्हता असा प्रेक्षक यमनचे पद गुणगुणत घरी जाऊ लागला. संगीताच्या प्रसाराची ही कामगिरी एखाद्या विद्यापीठाच्या तोडीची आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ती साधली याचे कारण असे की रुक्मिणीने राग शिकविला नाही. तिने आपले मनोगत सांगितले आणि राग आपोआप मागून आला.

या गायकीचे मर्म शब्दांत पकडणे अवघड आहे. तरीही ध्वनिमुद्रिका ऐकताना काही गोष्टी स्पष्टपणे जाणवतात. पहिली गोष्ट म्हणजे सूर लागताक्षणीच नेमका लागतो; त्याला शोधावे लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शब्दाचा उच्चार बोलण्याइतका स्वाभाविक असतो, आणि एकच शब्द पुन्हा येतो तेव्हा तो थोड्या वेगळ्या सुरावटीतून, थोड्या वेगळ्या आर्जवाने येतो. तिसरी गोष्ट लयीची. तालाच्या ठोक्याला चिकटून न राहता ते त्याच्या अंगाने झुलत जातात आणि समेवर अलगद उतरतात. आघात नसतो, परंतु चूकही नसते. चौथी गोष्ट तानेची. तान येते, वेगाचीही येते. मात्र ती ओळ सजवून लगेच बाजूला होते. श्रोत्याला आणखी हवी असते तेव्हाच ती संपते. मंडळीत अहमदजान तिरखवाँसारखे तबलानवाज आणि कादरबक्षांसारखे सारंगिये साथीला होते. एवढी सामग्री हाताशी असताना गायकाला द्वंद्व खेळण्याचा मोह होणे स्वाभाविक ठरले असते. नारायणरावांनी त्या थोर कलावंतांचाही उपयोग पदाला आधार देण्यासाठी केला.

आता बडोद्याकडे वळू. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने करावयास घेतले, तेव्हा गडकरी मृत्युशय्येवर होते. पदे लिहिण्याचे काम विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी केले. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांचे सावनेर येथे निधन झाले आणि महिना लोटण्याच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात झाला. सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. नाटककाराला आपली सिंधू पाहायला मिळाली नाही. ती प्रथम बडोदेकरांनी पाहिली.

ही भूमिका नारायणरावांच्या तोवरच्या सर्व भूमिकांहून निराळी होती. भामिनी आणि रुक्मिणी यांना वैभव शोभून दिसे. शालू, दागिने, अत्तरे यांचा थाट त्यांच्या पदांना पूरक होता. सिंधूच्या वाट्याला दारिद्र्य आले आहे. नवरा मद्याच्या आहारी गेलेला, घरातील वस्तू एकेक करून गेलेल्या, आणि ही बाई लोकांचे दळण दळून संसार रेटते आहे. अशा स्त्रीच्या तोंडी गाणे घालणे हाच मुळात धोका आहे. जात्यावर बसलेल्या बाईने पल्लेदार तान घेतली तर प्रेक्षक गायकाला दाद देईल, पण सिंधू त्याच क्षणी नाहीशी होईल. उलट पद अगदीच कोरडे म्हटले तर संगीत नाटकाला आलेला प्रेक्षक उपाशी राहील. या दोन कड्यांच्या मधून जाणारी पायवाट नारायणरावांनी शोधली. पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांच्याकडून काही चाली घेतल्या होत्या. त्यांत ठुमरीच्या वळणाचा लडिवाळपणा होता. तो लडिवाळपणा नारायणरावांनी कारुण्याकडे वळविला. आवाज खाली राहिला, स्वर लांबला तो हुंदक्याइतकाच. सिंधूच्या हालांनी प्रेक्षागृह ढसढसा रडे असे त्या पिढीने लिहून ठेवले आहे. ते रडणे गळ्याच्या करामतीने आणलेले नव्हते. करामत बाजूला ठेवल्यामुळे ते आले होते.

या संयमाला त्या काळात तोलामोलाचा प्रतिपक्ष होता, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. केशवराव भोसले १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मले. लहानपणीच नाटक मंडळीत शिरले, ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने नावारूपाला आले आणि १९०८ मध्ये, वयाची विशीही उलटली नसता, हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापन करून तिचे मालक झाले. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी गाण्याची कसून तालीम घेतली. आवाज उंच, तेजस्वी, आणि तान विजेसारखी. प्रेक्षकांना जिंकून घेण्याची ईर्षा त्यांच्या गाण्यात होती आणि ती लपविण्याचे त्यांना कारणही वाटत नसे. भाऊरावांची परंपरा खऱ्या अर्थाने कोणी पुढे नेली असेल तर ती केशवरावांनी. त्यांना केवळ दिखाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. ते तेज कमाविलेले होते. त्यामागे कष्ट होते आणि विद्या होती.

हे दोघे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एकाच रंगमंचावर उभे राहिले. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग ठरला होता. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता आणि तरीही जागा मिळणे दुरापास्त झाले होते. प्रेक्षकांपैकी अनेक जण नाटक पाहण्यास नव्हे, तर झुंज पाहण्यास आले होते. कोण जिंकले याचे निकाल त्या रात्रीपासून लागत राहिले आणि आजतागायत त्यांवर एकमत झालेले नाही.

परंतु थोडा विचार केला तर हा प्रश्नच चुकीचा होता असे वाटते. धैर्यधर हा शूर सेनापती. त्याच्या गाण्यात तडफ, आव्हान आणि अभिमान यांना जागा आहे. केशवरावांची तेजाळ गायकी त्या पात्राला शोभून दिसणारी होती. भामिनीचा मान आतल्या आत धुमसणारा. तिचे पराभूत होणे हळूहळू घडते आणि ते बारीक वळणांनीच सांगावे लागते. म्हणजे दोन गायकींना खाडिलकरांच्या नाटकात आपापले घर होते. भामिनीने धैर्यधराच्या तानेला तानेने उत्तर देण्याचा हट्ट धरला असता तर प्रेक्षकांना झुंज मिळाली असती, पण नाटक हरवले असते. बालगंधर्वांचे मोठेपण केशवरावांना हरविण्यात नव्हते. समोर एवढे तेज असताना ते भामिनीच राहू शकले, यात ते मोठेपण होते. दुर्दैवाने हा योग फार काळ टिकला नाही. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवरावांचे अकाली निधन झाले. त्यांचे वय अवघे एकतीस होते. पुढच्या वर्षी भास्करबुवाही गेले.

येथवर वाचून बालगंधर्व म्हणजे मूर्तिमंत संयम अशी वाचकाची समजूत होईल, तर ती दुरुस्त केली पाहिजे. सुरांच्या बाबतीत इतका जपून वागणारा हा माणूस पैशाच्या बाबतीत कमालीचा मोकळा होता. अस्सल रेशमी वस्त्रे, खरे दागिने, मौल्यवान गालिचे, उंची अत्तरे, मंडळीतील माणसांचे राजेशाही जेवणखाण. रसिकांना उत्तम तेच द्यायचे, एवढा एकच हिशेब त्यांना कळत होता. १९२० मधील ‘द्रौपदी’च्या नेपथ्यावर आणि वेषभूषेवर झालेला खर्च त्या काळी दंतकथेचा विषय झाला. जमाखर्चाकडे दुर्लक्ष झाले आणि मंडळी लाखांच्या कर्जात बुडाली. श्रीमंत चाहते कर्ज फेडून टाकण्यास तयार असतानाही नारायणरावांनी ते गाऊन फेडण्याचे ठरविले आणि कित्येक वर्षे अहोरात्र राबून ते फेडले. फिटल्यावर खर्चाचा हात पुन्हा पूर्वीसारखाच सैल झाला.

त्यांच्या गाण्यातही एक ठिकाण असे होते जेथे संयमाला गळती लागली. ते ठिकाण म्हणजे ‘वन्स मोअर’. प्रेक्षकांनी पद पुन्हा मागितले की नारायणराव ते म्हणत, तिसऱ्यांदा मागितले तरी म्हणत. रसिकांना ते मायबाप मानीत आणि मायबापांना नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. प्रत्येक वेळी पद नव्याने फुलत असे यात शंका नाही. परंतु नाटक तेथेच थबकत असे. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. एका पदात कोठे थांबावे हे ज्यांना इतके अचूक कळत होते, त्यांना पदांच्या संख्येत कोठे थांबावे हे ठरविता आले नाही. नाट्यगायनाने नाटकाला गिळले, अशी जी टीका पुढे झाली तिला हा आधार होता आणि ती अनाठायी नव्हती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदे मोजकी आणि आटोपशीर ठेवली. ज्योत्स्ना भोळे यांचे गाणे ऐकताना एक नवाच संयम रसिकांच्या प्रत्ययास आला. त्याची बीजे बालगंधर्वांच्या शब्दनिष्ठ गायकीत शोधता येतात. परंतु ते झाड त्यांच्या अंगणात वाढले नाही.

बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या संगीताने सजलेले ‘कान्होपात्रा’ १९३१ मध्ये आले. त्यातील भक्तिपर पदांनी नारायणरावांच्या गायकीला अखेरचे मोठे वळण दिले. १९३५ मध्ये प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. दिग्दर्शक व्ही. शांताराम होते. परंतु यंत्रासमोर तुकड्यातुकड्यांनी अभिनय करणे त्यांना मानवले नाही. समोर श्रोता नसला की त्यांचा सूर पोरका होत असे. पुन्हा ते रंगभूमीकडे वळले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर गौहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. स्त्रीभूमिका त्यांच्याकडे गेल्या आणि नारायणराव पुरुषभूमिकांत उभे राहू लागले. या संबंधामुळे जुने सोबती आणि अनेक चाहते दुरावले. नारायणरावांनी तेही निमूटपणे सोसले आणि गौहरबाईंची साथ सोडली नाही.

उतारवयात पायांनी दगा दिला आणि वैभवाचा मागमूसही उरला नाही. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. त्याच १९६४ मध्ये गौहरबाई निवर्तल्या. बसल्या जागी भजन म्हणणे एवढेच अखेरीस त्यांच्या हाती राहिले. आवाज थकला होता, दम तुटत होता. तरीही शब्दावर सूर ठेवण्याची ती रीत ढळली नव्हती. ज्यांची कीर्ती निव्वळ गळ्याच्या ताकदीवर उभी असते त्यांना वार्धक्य फार निर्दयपणे वागविते, कारण ताकद गेली की मागे काही राहत नाही. बालगंधर्वांजवळ ती रीत राहिली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. पुढच्या वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. त्याची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसविली गेली होती.

त्यांच्या पश्चात अनुकरण करणारे पुष्कळ झाले. त्यांनी ते लाडिक हेल उचलले, शब्दांची ती विशिष्ट फेक आणि हरकती उचलल्या. उचलता आली नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे हरकत न घेण्याची निवड. संयमाची नक्कल करता येत नाही, कारण जे केलेच नाही त्याची नक्कल कशी करणार? त्यासाठी आधी हातात भरपूर असावे लागते आणि मग त्यातील काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निवाडा स्वतःच करावा लागतो. ज्याच्या गळ्यात तानच नाही त्याने तान टाळली तर तो संयम नव्हे. ज्याने भास्करबुवांकडून विद्या घेतली, ज्याच्या मागे तिरखवाँचा ठेका होता, त्याने सिंधूसाठी ती दौलत गाठीलाच ठेवली, याला संयम म्हणावे.

खाडिलकरांची आणि गडकऱ्यांची नाटके मराठी ग्रंथालयांच्या कपाटांतून आजही मिळतात. पुस्तकात नाट्यपदे वाचताना ती पुष्कळदा साधी, क्वचित अवघड आणि काहीशी जुनाट वाटतात. वाचकाने एकदा असे करून पाहावे. ‘स्वयंवर’ किंवा ‘एकच प्याला’ घरी न्यावे, एखादे पद सावकाश वाचावे आणि मग बालगंधर्वांची त्या पदाची ध्वनिमुद्रिका ऐकावी. जुन्या तबकडीत मावेल एवढ्याच, सुमारे तीन मिनिटांच्या अवधीत छापील शब्दांपैकी एकही शब्द हरवलेला आढळणार नाही. गाणे ऐकून झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडले तर तेच पद निराळे दिसू लागेल. ग्रंथालयाच्या सभासदाला त्यांची ओळख करून घेण्यास याहून चांगली वाट दुसरी नसेल.